बदकं, बंदुका आणि आडवी सही

मी आजवर केलेली सर्वांत मोठी शिकार म्हणजे ढेकूण. तीही सदाशिव पेठेतल्या वाड्यात, रात्री दोन वाजता, चपलेच्या साहाय्यानं. त्या शिकारीला परवाना लागत नसे आणि ढेकणांची संख्या घटत चालली म्हणून कुणाला काळजी लागल्याचंही ऐकिवात नाही. असं असताना माझ्या कपाटात अमेरिकन सरकारनं बदकांच्या शिकारीसाठी काढलेली एकसष्ट तिकिटं आहेत, हे सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग सौ.कडे. सौ. नुसता कपाळाला हात लावते. बहुतेकांना तेवढा खुलासा पुरतो.

ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी हा लेख.

तिकिटांचा नाद मला शाळेपासूनचा. पण आणखी एका तिकिटाशी माझा संबंध बत्तीस वर्षं होता, आणि तो नाद नव्हता, नोकरी होती. मी एका कचेरीच्या लेखा विभागात होतो. महिन्याच्या एक तारखेला माझ्या टेबलावर रेव्हेन्यू तिकिटांचा ताव, शेजारी ओला स्पंज आणि समोर पगारपत्रक. माणसं यायची, तिकिटावर आडवी सही ठोकायची, थुंकी लावून नोटा मोजायची आणि जायची. "अर्धी सही तिकिटावर, अर्धी कागदावर" हे वाक्य मी नोकरीत जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा 'रामरक्षा'ही म्हटली नसेन. तिकिटाला स्पर्श न करता कोपऱ्यात सही करणारे महाभाग असत. त्यांना मी परत बोलवीत असे. सही आडवी गेली नाही तर तिकीट फुकट, पावती फुकट आणि ऑडिटवाला माझ्या मानगुटीवर!

हे सगळं आधी सांगण्याचं कारण पुढे येईल.

२०१६च्या जुलैत आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेत होतो. आयोवा राज्य, दे मॉइन शहर. अमेरिकेत मुलाकडे राहायला गेलेल्या प्रत्येक मराठी बापाला तिसऱ्या आठवड्यात एक प्रश्न पडतो, की आता करायचं काय? नायगारा दूर असतो, मुलगा कामावर असतो आणि बाहेर मका असतो. आयोवात तर जिकडे बघावं तिकडे मका. त्यामुळे शनिवारी सकाळी गल्लीतल्या गॅरेज सेलना जाणं हा माझा नित्यक्रम झाला. लोक घरातलं जुनं सामान गॅरेजात मांडून विकतात. आपल्या जुन्या बाजारासारखंच, फक्त विकणारा आपल्याला 'हॅव अ नाइस डे' म्हणतो.

अशाच एका गॅरेजात चिरूटाची एक लाकडी पेटी दिसली. वर चिकटपट्टीवर पेननं लिहिलेलं, वीस डॉलर. झाकण उघडलं तर आत रबरबँड लावून ठेवलेले शिकारीचे जुने परवाने, आणि प्रत्येकावर एकेक मोठं तिकीट चिकटवलेलं. सर्वांत वरचं निळं होतं. दलदलीत उतरणारी बदकांची जोडी, किंमत एक डॉलर, आणि साल १९३४. तिकिटावरून काळ्या शाईत आडवी सही गेलेली.

मला घाम फुटला. तिकिटं जमवणाऱ्याला हे चित्र कॅटलॉगात पाहून पाठ असतं. ती 'डक स्टॅम्प' मालिका. कॅटलॉगात ही टपालाच्या तिकिटांत नसतातच. शेवटी, महसुली तिकिटांच्या कप्प्यात, आर. डब्ल्यू. १, आर. डब्ल्यू. २ अशा क्रमांकांनी असतात. पाकिटावर लावलंत तर पत्र जायचं नाही. थोडक्यात, आपल्या पगारपत्रकावरच्या तिकिटाचीच ही भावंडं, फक्त अंगानं भरलेली आणि दिसायला देखणी.

गॅरेजातली बाई म्हणाली, "आजोबांची आहेत. नंतर त्यांचे गुडघे गेले, पण उन्हाळा आला की पोस्टात जायचे मात्र."

मी "हो का?" म्हणालो. माझं लक्ष नव्हतं. मी त्या क्षणी काय करत होतो ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी घासाघीस करीत होतो. चेहऱ्यावर 'पेटी बरी आहे, चष्मा ठेवायला होईल' असा भाव आणून मी वीसचे पंधरा केले. पुण्यातली सवय. बाईनं पंधरा घेतले आणि वर 'हॅव अ नाइस डे'ही म्हणाली.

पुढचे दोन आठवडे मी मक्याकडे पाहिलंच नाही. मुलाच्या गावातल्या लायब्ररीत बसलो आणि या निळ्या तिकिटाचं कूळ शोधून काढलं. आणि गंमत अशी, की त्याचं मूळ घर मी बसलो होतो त्याच शहरात निघालं.

१९३०च्या सुमाराला अमेरिकेच्या मध्यभागी पावसानं पाठ फिरवली. त्याआधीची कित्येक वर्षं लोकांनी शेतीसाठी दलदली आणि तळी चर खणून कोरडी केली होतीच. आता दुष्काळ आला आणि उरलेलं पाणीही गेलं. बदकांना अंडी घालायला जागा राहिली नाही आणि त्यांची संख्या भराभरा उतरली. सरकारनं काहीच केलं नव्हतं असं नाही. १९१८ साली स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला होता. १९२९ साली त्यांच्यासाठी पाणथळ जागा विकत घेण्याचाही कायदा झाला. मात्र त्यासाठी दरवर्षी पैसे कुठून यायचे याची कायमची सोय त्यात नव्हती. ठराव मंजूर, तिजोरी रिकामी! हा प्रकार आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

१९३४च्या जानेवारीत अध्यक्ष रूझवेल्टनी तिघांची समिती नेमली. त्यात एक होते जे नॉरवूड डार्लिंग, दे मॉइनच्या 'रजिस्टर' या वर्तमानपत्राचे व्यंगचित्रकार. आपलं आडनाव आखडून ते चित्राखाली 'डिंग' अशी सही करीत आणि जग त्यांना त्याच नावानं ओळखे. १९२४ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं, पुढे १९४३ साली पुन्हा मिळालं. हा गृहस्थ स्वतः शिकारी, पक्षानं रिपब्लिकन, आणि रूझवेल्टच्या धोरणांची रोज चित्रातून हजेरी घेणारा. रूझवेल्टनी मार्चमध्ये त्यालाच उचलून वन्यजीवांचा कारभार पाहणाऱ्या 'बायॉलॉजिकल सर्व्हे' या खात्याच्या प्रमुखाच्या खुर्चीत बसवलं. टीकाकाराला खुर्ची दिली की त्याचं तोंड बंद होतं, हा राजकारणातला जुना समज. या टीकाकारानं खुर्चीत बसून उलट तिजोरीच उघडायला लावली. आपल्याकडे एखाद्या व्यंगचित्रकाराला वनखात्याचा प्रमुख केल्याचं मला तरी आठवत नाही. केलं असतं तर निदान फायलींचे कोपरे रंगले असते.

१६ मार्च १९३४ रोजी रूझवेल्टनी तिकिटाच्या कायद्यावर सही केली. कायदा सरळ होता. सोळा वर्षांवरच्या ज्या कुणाला बदकं, हंस यांसारखे पाणपक्षी मारायचे असतील त्यानं राज्याचा परवाना तर काढावाच, शिवाय पोस्टात जाऊन वर्षाला एक डॉलरचं हे तिकीट घ्यावं, परवान्यावर लावावं आणि शाईनं त्यावर आडवी सही करावी. जमणाऱ्या डॉलरांतून बदकांसाठी तळी राखायची. म्हणजे बदकाला वाचवण्याचा खर्च बदक मारणाऱ्याकडून! मला प्रथम हे वाचून हसू आलं. खाटकानं पांजरपोळाला वर्गणी द्यावी तसं वाटलं. पण विचार केला, की बदक नाहीसं झालं तर सर्वांत आधी अडचण कुणाची होणार? जो पहाटे चारला गारठ्यात, गुडघाभर पाण्यात, त्याची वाट बघत उभा असतो त्याचीच. आपण घरात पांघरूण घेऊन बदकांबद्दल कळवळा बाळगणारे. आपल्याकडून डॉलर कोण आणि कसा वसूल करणार?

आता चित्राची गोष्ट. तिकीट छापायची घाई झाली होती आणि खोदकाम करणाऱ्या सरकारी छापखान्याला नमुने हवे होते. डार्लिंगनी, सुचलं ते विसरू नये म्हणून, हाताला लागलेल्या पुठ्ठ्यांवर पाचसहा कच्ची रेखाटनं केली. हे पुठ्ठे म्हणजे लाँड्रीतून इस्त्रीचे शर्ट येतात त्यांच्या घडीत घालतात ते. रेखाटनं पक्की करायचा त्यांचा विचार होता. तोवर एक सहकारी ते पुठ्ठेच उचलून छापखान्यात देऊन आला आणि छापखान्यानं त्यातलं एक खोदायला घेतलंसुद्धा. डार्लिंग चरफडले म्हणतात. चित्रकाराला आपली कच्ची रेघ जगानं पाहावी असं कधीच वाटत नाही. पण ती उतरणारी दोन मॅलार्ड बदकं आज पाहा; पंख फाकलेले, पाय पुढे काढलेले, आता 'छप्' असा आवाज येणार असं वाटतं. पक्की केली असती तर कदाचित ती उतरली नसती, नुसती टांगली गेली असती. पाठीवर डिंक आणि पुढे डिंग, असं हे पहिलं तिकीट २२ ऑगस्ट १९३४ रोजी विक्रीला आलं.

पहिल्या वर्षी किती खपली? ६,३५,००१. तो शेवटचा एक पाहून माझं मन भरून आलं. लग्नात आपण एकशे एक लिहितो तसा हा बदकांना केलेला आहेर!

यातली खरी पंचाईत झाली ती आमच्या जातीच्या माणसांची, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांची. नियम असा होता की तिकीट परवान्यावर लागलंच पाहिजे. कोरं, डिंकासकट, अल्बमात ठेवायला नेतो म्हटलं तर मिळायचं नाही. शिकाऱ्यांना सहज मिळतं आणि आम्हांला नाही, म्हणून छांदिष्टांनी ओरड केली. छांदिष्टांची ओरड ही चीज ज्यांनी ऐकली नसेल त्यांनी एकदा आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेला यावं. अखेर कायदा दुरुस्त झाला आणि १९३५च्या जूनमध्ये, जेमतेम पंधरवडाभर, १९३४चं कोरं तिकीट जमवणाऱ्यांना घेता आलं. मग उरलेली नष्ट करण्यात आली. ज्यांनी त्या पंधरवड्यात एक डॉलर वाचवला त्यांची नातवंडं अजून हळहळत असतील. दुसऱ्या वर्षी तर खप उतरून ४,४८,२०४वर आला, म्हणून फ्रँक बेन्सननं काढलेलं १९३५चं तिकीट पहिल्याहूनही दुर्मिळ.

इथे मला माझी नोकरी आठवली. शिकाऱ्याच्या कायद्यात सही नसलेलं तिकीट कुचकामाचं. त्यावर गोळी झाडली तर गुन्हा. जमवणाऱ्याच्या बाजारात सही असलेलं तिकीट डागी; किंमत कोसळली. एकच कागद, एकीकडे सही नाही म्हणून फुकट आणि दुसरीकडे सही आहे म्हणून फुकट. बत्तीस वर्षं मी ज्यासाठी लोकांना परत बोलावलं, ती आडवी सही इथे कुंकू पुसल्यासारखी अशुभ मानतात. मात्र बदकाला त्या दोन्हीशी कर्तव्य नाही. शिकाऱ्याचा डॉलर आणि छांदिष्टाचा डॉलर एकाच तळ्यात पडतो. आज सरकार सांगतं की या तिकिटाच्या डॉलरमागे अठ्ठ्याण्णव सेंट जमिनीसाठी जातात. आजवर शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली आणि साठ लाख एकर पाणथळ आणि आसपासची जमीन त्यातून राखली गेली. साठ लाख एकर! आमच्या सोसायटीला मागची दहा फूट जागा राखता आली नाही.

एवढी माहिती डोक्यात भरून मी पुन्हा ती पेटी उघडली, आणि आता ती वेगळीच दिसायला लागली.

१९३४ची सही तरण्या माणसाची. शेवटच्या अक्षराची शेपटी तिकिटाबाहेर परवान्यावर मैलभर गेलेली. अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर! मी उठून त्याला सलाम करणार होतो. १९३८च्या तिकिटावर तलवार बदकांची जोडी. ही तलवार बदकं आपलीही पाहुणी. हिवाळ्यात भिगवणला जाऊन बघा, शेपटीची ती लांब टोकदार काडी लगेच ओळखू येईल. ते तिकीट हातात असताना आठवलं की त्याच १९३८च्या १२ नोव्हेंबरला आपल्याकडे भरतपूरच्या तळ्यावर व्हॉइसरॉय लिनलिथगो आणि मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तिथल्या दगडावर तो आकडा कोरलेला आहे. व्हॉइसरॉयला तिकीट लागलं नाही. पक्ष्याला चार आणे लावले असते तरी त्या दिवशीचे हजार रुपयांवर झाले असते.

१९४३ आणि १९४४ची तिकिटं पेटीत नाहीत. का नाहीत ते सालांवरून कुणालाही कळेल. १९४५ची सही मात्र पुन्हा आहे. शेपटी आखडलेली.

१९४९ला तिकीट दोन डॉलर झालं, १९५९ला तीन. त्या १९५९च्या तिकिटावर बदकापेक्षा कुत्रा मोठा आहे. 'किंग बक' नावाचा काळा लॅब्रडॉर, तोंडात मॅलार्ड धरून बसलेला. १९५२ आणि १९५३ असा दोनदा राष्ट्रीय विजेता झालेला हा कुत्रा. संदेश असा की शिकवलेला कुत्रा असेल तर जखमी बदक वाया जात नाही. चित्र मेनार्ड रीसचं; या माणसानं एकूण पाच वेळा तिकीट जिंकलं. जिंकलं म्हणजे काय, तर १९५०च्या तिकिटापासून खुली स्पर्धा सुरू झाली. पहिल्या खेपेला ६५ चित्रकारांनी ८८ चित्रं धाडली. जिंकणाऱ्याला सरकार रोख काही देत नाही. त्याच्याच चित्राच्या तिकिटांचा एक ताव देतं. (प्रती विकून त्याला पुढे पुष्कळ मिळतात, पण ते त्याचं नशीब.) एकाच घरातल्या हाउटमन नावाच्या तीन भावांनी मिळून ही स्पर्धा डझनाहून जास्त वेळा मारली आहे. जेवायला बसल्यावर त्या घरात काय बोलत असतील?

आमच्या पेटीवाल्याला चित्रांचं काही पडलं असेल असं वाटत नाही. कुत्र्याच्या नाकावरूनही त्यानं सही ओढली आहे. बहात्तर साली पाच डॉलर झाले तेव्हा सही थोडी थरथरायला लागलेली दिसते. अठ्ठ्याहत्तरची तर अक्षरं एकमेकांना धरून चालल्यासारखी. आणि मग एकोणऐंशी साल, किंमत साडेसात डॉलर. सही नाही.

ऐंशीचं, सही नाही. एक्याऐंशीचं, सही नाही. शहाऐंशीपर्यंतची आठ तिकिटं, परवान्यावर न लावलेली, कोरी, डिंकासकट, बटर पेपरच्या पाकिटात. त्यापुढे पेटी रिकामी.

मी आधी खूश झालो, कारण बाजाराच्या हिशेबानं ही आठच काय ती निष्कलंक. मग त्या बाईचं वाक्य आठवलं. गुडघे गेले होते. पाण्यात उतरायचं नव्हतं, बंदूक उचलायची नव्हती, म्हणून सहीची गरज नव्हती. आणि म्हातारा तरीही दर उन्हाळ्यात पोस्टात जाऊन साडेसात डॉलर भरून येत होता.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला गाडी काढायला लावली. म्हटलं, त्या बाईला सांगू या की पेटी पंधराची नाही. निदान पहिलं तिकीट तरी परत देऊ. गेलो तर घराला कुलूप आणि हिरवळीवर 'विकले' अशी पाटी. शेजाऱ्यांना पत्ता ठाऊक नव्हता.

"बाबा, गॅरेज सेलमध्ये असंच असतं. घेतलंत ते घेतलंत," मुलगा म्हणाला.

"वीस तरी द्यायचे होतेत," सौ. म्हणाली.

येताना मी गाडी पोस्टापाशी थांबवायला सांगितली. खिडकीतल्या माणसानं माझी कानटोपी, स्वेटर (जुलै असला तरी आत एसी असतो) आणि पायांतल्या कोल्हापुरी चपला बघून विचारलं, "शिकारीला निघालात?"

"नाही. मी शाकाहारी आहे."

त्यानं पंचवीस डॉलर घेतले आणि त्या वर्षीचं तिकीट दिलं. जो हाउटमननं काढलेली हंसांची जोडी. "शिकार करणार असाल तर सही करा," असं मात्र त्यानं बजावलं. मला तो आपला माणूस वाटला.

तेव्हापासून मुलगा दरवर्षी माझ्या नावानं एक तिकीट घेतो आणि दिवाळीच्या फराळाच्या बदल्यात पाठवतो. २०२५पर्यंत दहा झाली. मध्ये तिकडे कायदा बदलला. २०२३च्या दुरुस्तीनंतर मोबाइलमधलं तिकीट सबंध हंगाम चालतं, कागदी तिकीट मागाहून टपालानं येतं. म्हणजे पाण्यात उभं राहून खिशातलं सही केलेलं तिकीट काढून दाखवण्याचे दिवस संपत आले. आपल्याकडे पगार बँकेत जायला लागला तसंच.

परवा अल्बम लावत होतो. म्हाताऱ्याची त्रेचाळीस सहीची, आठ बिनसहीची आणि पुढे माझी दहा बिनसहीची. सौ. चहा घेऊन आली आणि मागे उभी राहून बघत होती. तिनंही काही वर्षं बँकेत काढली आहेत, त्यामुळे बेरजेला वेळ लागत नाही.

"म्हणजे त्या बाईला पंधरा," ती म्हणाली, "आणि बदकांना अडीचशे."

"हो."

"घासाघीस करायची कुठे, हे तुम्हांला कधी कळलंच नाही. चहा निवतोय."